मी गेल्यावर याचं कोण?

आज एका गावाची गोष्ट सांगणार आहे. गाव आपल्याकडचं नाही, पार युरोपातलं आहे. पण ती शोधायला मी गेले ती आपल्याच गटातल्या एका मावशीमुळे, म्हणून आधी तिचं सांगते.

गटाची बैठक संपली होती. हप्ते जमा झाले, वहीत सह्या-अंगठे झाले, बाया उठून गेल्या. मावशी तेवढी बसून राहिली. तिचा धाकटा मुलगा आता चाळिशीला आलाय. विशीत असताना त्याला कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले, रात्र रात्र तो अंगणात फिरायचा. अंगारे-धुपारे झाले, दोनदा इस्पितळात ठेवून झालं. आता गोळ्या चालू आहेत. शेळ्या चारून आणतो, पाणी भरतो, एखाद्या दिवशी बिनसलं तर दार लावून बसतो. त्याच्याशी कधी बोलायचं, कधी गप्प राहायचं, गोळी चहाबरोबर द्यायची की भाकरीबरोबर, हे सगळं फक्त आईला ठाऊक. मावशी म्हणाली, "ताई, कर्ज मला नको. एवढंच सांगा, मी गेल्यावर याचं कोण?"

मी म्हटलं, थोरला आहे ना. तर म्हणाली, "थोरला आहे हो. पण सांभाळायचं कुणी? त्याच्या बायकोने. तिची दोन लेकरं, म्हातारा सासरा, रान. तिच्यावर अजून हे कसं टाकू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला इतिहास वाचायची खोड. वाटलं, जगात कुठे ना कुठे हा प्रश्न लोकांनी सोडवला असेलच की. आई-बाप गेल्यावर अशा माणसाने कुठे राहायचं, कुणाच्या चुलीवर जेवायचं? शोधता शोधता घेल नावाचं गाव सापडलं.

बेल्जियम हा देश आपल्याला तसा ऐकून माहीत आहे. जुन्या वाड्यांत, देवळांत बेल्जमचे आरसे आणि झुंबरं असायची, तोच हा देश. केवढासा, तर आपल्या महाराष्ट्रात असे दहा बसतील. त्याच्या उत्तरेला घेल आहे. आता ते चाळीसेक हजार वस्तीचं शहर झालंय, पण शेकडो वर्षं ते शेतकऱ्यांचं गाव होतं. जमीन रेताड, हलकी. पोटापुरतं पिकवताना दमछाक व्हायची.

त्या गावची एक दंतकथा आहे. आयर्लंडच्या एका राजाची राणी वारली. दुःखाने राजाचं भान सुटलं आणि त्याने हट्ट धरला की राणीसारखीच दिसणारी बायको हवी. तशी दिसत होती त्याची स्वतःची मुलगी, डिम्फना. पोरगी घाबरली, एका म्हाताऱ्या पाद्र्याला बरोबर घेऊन समुद्र ओलांडून पळाली, ती घेलला आली. बाप माग काढत आला आणि ती ऐकत नाही म्हटल्यावर त्याने तिचं मुंडकं उडवलं. वेड लागलं बापाला आणि जीव गेला लेकीचा. पुढे तीच मुलगी, ज्यांचं मन ठिकाणावर नाही अशांची संत मानली गेली. हे खरं घडलं की नाही कोण सांगणार? पण लोकांनी मानलं, आणि लोकांनी मानलं की रस्ते वाहू लागतात. आपल्याला ते सांगायला नको.

तिच्या नावाचं मोठं चर्च 1349 मध्ये बांधायला घेतलं. लांबलांबून लोक आपली माणसं घेऊन यायचे. कुणी ओरडणारं, कुणी वर्षानुवर्षं न बोलणारं. नऊ दिवसांचा नेम असायचा. चर्चला लागून आजाऱ्यांसाठी खोल्या होत्या, तिथे राहायचं, प्रार्थना करायची, संतिणीच्या अवशेषांच्या पेटीखालून रांगत जायचं. आपल्याकडे नवसाला काय काय करतात, तसंच.

आता खरी गोष्ट सुरू होते, आणि ती देवाची नाही, जागेची आहे. खोल्या थोड्या, माणसं फार. मग चर्चचे लोक आसपासच्या शेतकऱ्यांना सांगू लागले, आमच्याकडे जागा होईपर्यंत याला तुमच्या घरी ठेवा. नऊ दिवस झाले तरी काही जण बरे होत नसत, ते पुढच्या खेपेसाठी थांबत. काहींच्या घरचे परत न्यायला आलेच नाहीत. काहींच्या घरचे पैसे ठरवून ठेवूनच गेले. असं करत करत गावच्या घराघरात एक-एक परकं माणूस राहू लागलं. वर्षं गेली, पिढ्या गेल्या. शेतकऱ्याला कामाला दोन हात मिळाले, वर चार नाणी मिळाली. आणि त्या माणसाला छप्पर, ताट आणि रोजचं काम मिळालं.

ही गोष्ट सांगणारे बरेच जण घेलच्या लोकांना संत करून टाकतात. मला ते पटत नाही. ते गरीब होते, त्यांना त्या पैशांची गरज होती, आणि त्यांनी ती कधी लपवली नाही. पैसे घेतले म्हणजे माया खोटी, असं थोडंच आहे? आपली अंगणवाडीताई मानधन घेते म्हणून पोरांना जीव लावत नाही का?

त्या घरात राहणाऱ्या माणसाला घेलमध्ये काय म्हणत, ते ऐका. रोगी म्हणत नसत, वेडाही म्हणत नसत. त्यांच्या भाषेत शब्द आहे 'कोस्तखांगर'. 'कोस्त' म्हणजे जेवण. खानावळीत पैसे भरून जेवणारा असतो ना, तसा जेवण-राहण्याला असलेला माणूस. शब्दात आजाराचं नावसुद्धा नाही. आमच्याकडे जेवायला-राहायला असतो, एवढंच. आपण मात्र घरात भांडण झालं तरी पटकन म्हणतो, याला आता येरवड्याला पाठवा, नाहीतर ठाण्याला पाठवा.

घेलमध्ये सगळं गोड होतं असंही समजू नका. जुन्या काळी तिथेही साखळ्या होत्या. माणूस पळून जाईल, कुणाला इजा करील, या भीतीने पायात बेड्या घालत. काही घरांत कामाला जुंपून घेत आणि जेवायला हात आखडता. गावाच्या भल्या मनावर सोपवलं की सगळं नीट चालतं, असं तिथेही घडलं नाही. इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच वळण.

1803 मध्ये, तो मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात असताना, ब्रुसेल्स शहरातल्या अधिकाऱ्याने शहरातले मनोरुग्ण घेलला पाठवायचा हुकूम काढला. शहरातल्या अंधाऱ्या कोठडीपेक्षा ते बरं होतं. 1821 मध्ये फ्रान्सचे नावाजलेले डॉक्टर एस्किरोल घेल पाहायला गेले. ज्यांना सगळीकडे कुलपात ठेवत, ती माणसं इथे रस्त्याने आणि रानात मोकळी फिरताना त्यांनी पाहिली. आणि बेड्याही पाहिल्या. तेव्हापासून युरोपातल्या डॉक्टरांत वाद सुरू झाला. एक म्हणे, हे शेतकऱ्यांचं काम नव्हे, रोग्यांना डॉक्टरांच्या इस्पितळातच ठेवलं पाहिजे. दुसरा म्हणे, इस्पितळाच्या भिंतीत माणूस बरा होत नाही, माणसांत होतो.

1850 मध्ये बेल्जियमच्या सरकारने कायदा केला आणि घेलची व्यवस्था आपल्या हाती घेतली. सरकारने घराघरातली माणसं उचलून इस्पितळात नाही नेली. माणसं घरातच ठेवली, आणि घरांच्या मागे व्यवस्था उभी केली. गावाला सरकारी डॉक्टर आला. 1862 मध्ये छोटं इस्पितळ उघडलं. बाहेरगावाहून आलेला माणूस आधी तिथे राही. त्याचा आजार काय, स्वभाव काय, त्याला लहान मुलं आवडतात की गोंगाट सोसत नाही, हे बघून मग त्याला जुळणारं घर शोधत. एका घरात एक, फार तर दोन, आणि दोघे असले तर दोघे पुरुष किंवा दोघी बाया. गावाचे भाग पाडले, भागाभागाला परिचारक नेमले, ते सांगून-न सांगून घरी येत. आंघोळीसाठी न्हाणीघरं बांधली. ठरल्या दिवशी घरातल्या माणसाने तिथे यायचंच. तिथे अंग स्वच्छ होई, आणि अंगावर वळ आहेत का, माणूस वाळलाय का, तेही नर्सच्या नजरेला पडे. काय युक्ती आहे बघा. कुणावर आरोप नाही, कुणाची चौकशी नाही, आणि तरी सगळं कळतंय.

आणि त्या घरच्या बाईला ठाऊक असे की हे माणूस रात्री फारच बिघडलं, आपल्याच्याने आवरेना, तर त्याला चार दिवस इस्पितळात पाठवता येईल आणि बरं वाटलं की तो परत आपल्याच घरी येईल. पाठवलं म्हणजे टाकलं असं नाही.

याच व्यवस्थेवर घेल वाढलं. 1938 मध्ये गावात असे 3,700 हून जास्त लोक घराघरांत राहत होते. गावाची स्वतःची वस्ती तेव्हा सोळा हजारांच्या आसपास. म्हणजे दर चार-पाच माणसांमागे एक. बाजारात, चर्चमध्ये, दारूच्या दुकानात, सगळीकडे ते दिसायचे आणि कुणी वळून बघायचं नाही. गावची पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. आई-बाप म्हातारे झाले की लेक-सून त्या माणसाला पुढे सांभाळायचे. काही जण एकाच घराण्यात पन्नास वर्षांहून जास्त राहिले. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर त्या गावात घरपट्टीसारखं एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात होतं.

1966 पासून अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी अनेक वर्षं तिथे अभ्यास केला. त्या काळातल्या दोन हकीकती पुढे खूप सांगितल्या गेल्या. एका घरातला माणूस अंगातल्या सदऱ्याची बटणं पिळून पिळून तोडायचा. रोज. घरची बाई रोज रात्री ती पुन्हा शिवायची. पाहायला आलेली मुलगी म्हणाली, मासे पकडायच्या तंगुसाने शिवा की, तुटायची नाहीत. बाई म्हणाली, छे, तसं नको करायला, त्याला ती पिळायची गरज आहे. दुसऱ्या घरात एकाला भिंतीतून सिंह बाहेर येताना दिसायचे. घरवाली उठायची, हातवारे करून त्या सिंहांना हाकलायची, आणि सिंह जायचे.

ती बाई कुठलं शास्त्र शिकलेली नव्हती. सिंह नाहीतच, असं म्हणून तिने त्याच्याशी वाद घातला नाही, आणि सिंह आहेत म्हणून घाबरलीही नाही. आपल्या मावशीलाही हे येतं. कित्येक आयांना येतं. फक्त त्याला कुणी काम म्हणत नाही.

बटणं बघणारी ती मुलगी म्हणजे एलन बॅक्स्टर. ती न्यूयॉर्कला परत गेली. तिथे मोठमोठी इस्पितळं रिकामी केली होती, पण माणसांनी जायचं कुठे ते कुणी ठरवलं नव्हतं, आणि ती माणसं फुटपाथवर आली होती. तिने जुन्या इमारती मिळवल्या, दुरुस्त केल्या आणि त्यात अशा लोकांना खोल्या दिल्या. 1986 मध्ये पहिली इमारत सुरू झाली. तिथे परकं कुटुंब नाही. ज्याची त्याची खोली, ज्याची त्याची किल्ली, आणि खाली मदतीला माणूस. सगळ्यांनाच दुसऱ्याच्या घरात राहायला आवडतं असं नाही, हेही खरंच.

घेलची संख्या मात्र पुढे उतरत गेली. 1938 ला साडेतीन हजारांच्या वर होती, शतक संपता संपता सातशेच्या आसपास आली, आता त्याहून बरीच कमी आहे. नवीन औषधं आली, काही जण स्वतंत्र राहू लागले, ही चांगली कारणं. पण मोठं कारण वेगळं आहे. शेती कमी झाली आणि घरची बाई नोकरीला जाऊ लागली. म्हणजे ही सातशे वर्षांची व्यवस्था उभी होती ती दिवसभर घरात असणाऱ्या बाईवर. पैसे येत ते घराच्या नावाने, आणि ते थोडेच. पोथ्या-पुस्तकांत संतिणीचं नाव आहे, राजाचं आहे, डॉक्टरांचं आहे. बटणं शिवणाऱ्या बाईचं नाव कुणाला माहीत आहे? मावशी जे म्हणाली होती, सुनेवर कसं टाकू, ते मला इथे आठवलं.

आता आपल्या देशात येऊ. इंग्रजांनी आपल्याकडे वेड्यांची इस्पितळं बांधली. महाराष्ट्रात नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा ही चार जुनी. 1912 च्या कायद्याने पोलीस आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने माणूस आत जायचा. बाहेर यायला कुणीतरी न्यायला यावं लागायचं. बायांचं तिथेच अडायचं. नवरा आणून सोडतो, पत्ता खोटा लिहितो, दुसरं लग्न करतो. बाई बरी होते, पण न्यायला कोणी येत नाही. मग ती बरी असूनही तिथेच म्हातारी होते. अशा हकीकती एक-दोन नाहीत.

आपल्याकडे सगळं वाईटच झालं असंही नाही. 1950 नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर प्रमुख होते. इस्पितळ भरून वाहत होतं. त्यांनी लष्कराचे जुने तंबू आवारात ठोकले आणि रोग्याबरोबर घरच्यांना तिथे राहायला बोलावलं. आई, बायको, भाऊ तिथेच राहत, बघत, शिकत. माणूस लवकर बरा होऊन घरी जाऊ लागला, कारण त्याला कसं सांभाळायचं हे घरचे शिकून निघत. पुढे देशातल्या इतर इस्पितळांनी हा धडा घेतला.

आणि मग एरवाडी. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात समुद्राकाठी एक दर्गा आहे. तिथेही घेलसारखेच लोक आपली आजारी माणसं घेऊन येत. हिंदू, मुसलमान, सगळे. तिथेही जागा अपुरी, तिथेही काही घरचे माणसाला ठेवून जात. घेलमध्ये जिथे शेतकऱ्यांची घरं होती, तिथे एरवाडीत दर्ग्याच्या आसपास लोकांनी झोपड्या-छपरं बांधून खाजगी 'आश्रम' काढले. घरच्यांकडून पैसे घ्यायचे आणि माणसाला साखळीने बांधून ठेवायचं. ना डॉक्टर, ना तपासणी. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे अशा एका छपराला आग लागली. साखळ्या तोडता आल्या नाहीत. 28 माणसं गेली.

घेल आणि एरवाडी, दोन्हीकडे देवस्थान, दोन्हीकडे श्रद्धा, दोन्हीकडे पैसे घेऊन ठेवणारे लोक. मी किती तरी दिवस विचार करत होते की मग फरक पडला कशाने? घेलच्या दारात महिन्यातून कुणीतरी यायचं. एरवाडीच्या दारात कुणी येत नव्हतं. मला तरी एवढाच दिसला.

एरवाडीनंतर देश हलला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तसले आश्रम बंद झाले. पण बंद करणं सोपं. ती माणसं जाणार कुठे? तो प्रश्न राहिलाच. शेवटी 2017 मध्ये नवा मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. त्यात जे लिहिलंय ते आपल्या बायांना माहीत हवं म्हणून सांगते. कुणाही मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधता येणार नाही. समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे. घरचे नाहीत, किंवा घरचे घेत नाहीत, किंवा घरच नाही, एवढ्याच कारणासाठी त्याला इस्पितळात ठेवून घेता येणार नाही. त्याच्यासाठी गावा-शहरात राहायची घरं, मधल्या काळातली निवारा-घरं सरकारने करायची. आणि घरातून हाकललं असेल तर स्वतःच्या घरात राहण्याचा हक्क मिळवायला सरकारने वकिलासकट मदत द्यायची.

कायदा झाला, घरं मात्र फार थोडी झाली. आपल्याच राज्याचं सांगते. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं की महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या लोकांना इस्पितळातून काढून भिक्षेकरी गृहात, वृद्धाश्रमात धाडलं जातंय. न्यायालयाने ते थांबवायला सांगितलं. चांगलं झालं. पण बघा, 'समाजात राहायचा हक्क' याचा अर्थ कुणीतरी 'भिक्षेकरी गृह' असा लावला होता.

घरं करून दाखवली ती चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेने. 1993 मध्ये दोन तरुण मुलींनी, वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण बायांसाठी ती काढली. बाया बऱ्या होत होत्या, घरी जात होत्या. पण काही जणींना घरच उरलं नव्हतं. 2015 पासून त्यांनी 'होम अगेन' नावाने काम सुरू केलं. साध्या वस्तीत, गावात, भाड्याने घर घ्यायचं. त्यात चार-पाच जणींनी एकत्र राहायचं. स्वयंपाक, बाजार, भांडी, भांडण, सगळं त्यांचं त्यांनी. मदतीला गावातलीच एक बाई, तिला पगार. ज्यांना जास्त लागते त्यांना रात्रंदिवस, ज्यांना कमी त्यांना अधूनमधून. आपल्याकडे रत्नागिरीतही हे काम आलं. इस्पितळात वर्षानुवर्षं काढलेल्या बायांना तिथे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, आज भाजी कसली करायची?

घेलपासून हे वेगळं कशात, ते माझ्या लक्षात आलं. इथे सांभाळणाऱ्या बाईला पगार आहे, सुट्टी आहे. ती सून नाही.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. वाटलं, तिच्या डोळ्यात पाणी येईल. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. "त्या घरवालीला महिन्याचे किती देतात? आणि रात्री बिघडलं तर बोलवायचं कुणाला?" जगभरातले डॉक्टर दोनशे वर्षं ज्यावर वाद घालत होते, ते हिने दोन वाक्यांत विचारलं.

आपल्या तालुक्यात असं घर नाही. ते मी तिला खरं सांगितलं. पण काही गोष्टी घर नसतानाही करून ठेवता येतात, त्या आम्ही करायला घेतल्यात. तुमच्याही गटात कुणाच्या घरी असं माणूस असेल, म्हणून सांगते.

मनाचा दीर्घ आजार आता दिव्यांगांच्या कायद्यात मोजला जातो. त्याचं प्रमाणपत्र निघतं, आणि त्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. मावशीच्या मुलाला वीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर ठरल्या दिवशी सरकारी दवाखान्यात येतात, तुमच्याकडचा वार कुठला ते आशाताईला विचारा. रात्री-अपरात्री बोलायला 14416 हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत.

मावशीला आणखी एक भीती होती. गावात कुणीतरी तिला सांगितलं होतं की डोक्याने आजारी माणसाचं नाव सातबाऱ्यावर लागत नाही. साफ खोटं आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की आजारामुळे, व्यंगामुळे कुणाचा वारसा जात नाही. आजारी मुलाचा हिस्सा तेवढाच, जेवढा थोरल्याचा.

आणि शेवटची गोष्ट. नव्या कायद्याप्रमाणे तो माणूस स्वतः, बरा असताना, आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमू शकतो. साध्या कागदावर लिहायचं, सही नाहीतर अंगठा करायचा, आणि ज्याला नेमलं त्याने लेखी होकार द्यायचा. पुढे कधी आजार वाढला, दवाखान्यात ठेवायची वेळ आली, तर डॉक्टरांना त्या माणसाशी बोलावं लागतं. भाऊच असला पाहिजे असं काही नाही.

परवा आम्ही कागद घेऊन मावशीच्या ओसरीवर बसलो. मी लिहायला घेतलं आणि थोरल्या भावाचं नाव टाकणार, तेवढ्यात मावशीने मला थांबवलं. म्हणाली, "आधी त्याला तर विचारा." तो शेळ्या बांधून आला, उंबऱ्यावर बसला. मी त्याला समजावून सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने शेजारच्या घराकडे बोट केलं आणि तिथल्या सुनेचं नाव घेतलं. ती रोज दुपारी विहिरीवरून येताना याच्याशी दोन शब्द बोलते, बास, एवढीच त्यांची ओळख.

मावशी माझ्याकडे बघायला लागली, मी मावशीकडे. कागद तसाच घडी करून ठेवलाय. शुक्रवारी त्या पोरीला विचारायला जायचं आहे.